सेल्वीची साक्ष, माझा माइक

माइक समोर आला की माणूस आधी त्याला टपली मारतो. मंत्री असो, नवरीचा मामा असो, नाहीतर हरिकथा सांगणारे दास असोत, टपली ठरलेली. आमचे अप्पा म्हणायचे, झोपलेल्याला उठवायचं म्हणून कोणी थोबाडीत मारतं का? पण गिऱ्हाइकाला असं बोलता येत नाही, म्हणून तो राग ते घरी येऊन आम्हा भावंडांसमोर काढायचे. त्यांच्यामागे माइक-भोंगे भाड्याने द्यायचं दुकान माझ्याकडे आलं आणि राग मी जागच्या जागी काढायला लागले. बेंगळुरातल्या आमच्या चामराजपेटेत मला ‘माइक अक्का’ म्हणायचे, ते तोंडावर. पाठीमागे काय म्हणायचे तेही मला ठाऊक होतं.

खरं तर दुकान अण्णाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने चालवायचं. पण त्याला कारखान्यात पेन्शनची नोकरी लागली आणि नारळाच्या झाडावर चढून भोंगे बांधण्यात आपल्याला गोडी नाही, असं त्याने सांगून टाकलं. मला होती. मी साडीचा काचा मारून शिडी चढायची. पहिली काही वर्षं लग्नघरी गेले की लोक माझ्या मागे बघत आणि विचारत, माइकवाला कुठे राहिला? मी म्हणायची, तो आला की सांगते, तोवर हा खांब धरा.

धंदा तसा सोपा आहे. माइक आवाज पकडतो, अ‍ॅम्प्लिफायर तो मोठा करतो, भोंगा तो रस्त्यावर फेकतो आणि लाकडी बॉक्स तो हॉलमधल्या हॉलमध्ये ठेवतो. भोंगा माइकच्या समोर आला की कान फाडणारी शिट्टी वाजते आणि सगळी सभा माइकवाल्याकडे खुनशी नजरेने बघते. बोलणाऱ्याने माइकपासून वीतभर लांब राहावं. हे एवढंच मी जन्मभर लोकांना सांगत आले आणि जन्मभर कोणी ऐकलं नाही. आमच्या वॉर्डातले एक पुढारी माइकला लहान मुलासारखं छातीशी धरत. कन्नड राज्योत्सवाच्या ऑर्केस्ट्रात एका गृहस्थांचा मुलगा हरवला, तर त्यांनी माइकवरून मुलाची सगळी लाडाची नावं सांगितली आणि खरं नाव सांगायचं राहिलं. मुलगा माझ्याच टेबलाखाली वायरींशी खेळत बसला होता. त्याला त्यातलं एकही नाव ओळखीचं वाटलं नसावं, कारण घरी त्याला हाका मारायची ती त्याची आईच.

अप्पांनी मला एक नियम शिकवला होता. माइकवाल्याने शब्द ऐकायचे नाहीत, फक्त आवाज ऐकायचा. शब्दांत गुंतलीस की हात बटणावरून सुटतो आणि शिट्टी वाजते. म्हणून मी आयुष्यात शेकडो भाषणं ऐकली आणि त्यांतलं एकही मला सांगता येणार नाही. भाषणांच्या बाबतीत त्यात माझं काही गेलं नाही. तो नियम मी एकदाच मोडला, आणि त्याबद्दलच लिहायला मी बसले आहे.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला कधीतरी जयनगरहून एक वकीलबाई माझ्या दुकानात आल्या. मीनाक्षी मॅडम. पांढरी सुती साडी, बोलणं मोजकं. त्यांना बाईच माइकवाली हवी होती आणि साऱ्या बेंगळुरात त्यांना मी एकटीच सापडले होते. चामराजपेटेतल्या एका हॉलमध्ये सुनावणी भरवायची होती. युद्ध चाललेल्या प्रदेशांतून पळून आलेल्या बायका तिथे साक्ष देणार होत्या, त्यांच्यावर सैनिकांनी काय केलं त्याची. ऐकायला एक निवृत्त न्यायाधीश, एक डॉक्टरीणबाई आणि एक शिक्षिका बसणार होत्या. बाकी मोजकी बोलावलेली माणसं. फोटो नाही, वर्तमानपत्रवाले नाहीत, दारं-खिडक्या बंद.

मी विचारलं, “म्हणजे हे कोर्ट आहे?”

मॅडम म्हणाल्या, नाही. खरं कोर्ट या बायकांना दारात उभं करत नाही. गुन्हा दुसऱ्या देशात झालेला, करणारे गणवेशातले, आणि तिथली सरकारं म्हणतात असं काही घडलंच नाही. म्हणून ही लोकांनी भरवलेली सुनावणी. मी म्हटलं, मग शिक्षा कोणाला होणार? त्या म्हणाल्या, आज कोणालाच नाही. पण पुढे कधी कोर्ट बसलं तर तोवर कोणी बोललंच नव्हतं असं म्हणायची सोय कोणाला राहू नये. मला ते तेव्हा फारसं पटलं नाही. माणसं जमवायची, खुर्च्या मांडायच्या आणि शेवटी कोणाच्या कानाखाली वाजवायचीही नाही, हे माझ्या स्वभावात बसणारं नव्हतं. तरी काम घेतलं.

काम असं होतं, की साक्षीदार पडद्यामागे बसणार आणि तिचा आवाज बदलून बाहेर यायला हवा. ऑर्केस्ट्रावाल्यांचं एक इको मशीन माझ्याकडे पडून होतं. त्याची बटणं फिरवली की बाईचा आवाज जाड आणि घुमणारा व्हायचा. आदल्या दिवशी दुपारी मी हॉलमध्ये सगळं जोडलं आणि मॅडम सेल्वीला घेऊन आल्या.

सेल्वी हे तिचं खरं नाव नाही. श्रीलंकेहून आलेली तमिळ मुलगी, तिशीच्या आतली. इथे कपड्यांच्या कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवायची आणि मागडी रोडला एका खोलीत भाड्याने राहायची. सैनिक कोणाचे, गाव कुठलं, हे मी लिहीत नाही. तिने सुनावणीत सगळी नावं घेतली होती. पण तिचा भाऊ अजून त्या गावात आहे, आणि नावं छापायची की नाही हे ठरवायचा हक्क तिचा, माझा नाही.

ती पडद्यामागे बसली. मी सांगितलं, काहीही बोल, कॉलर कशी शिवतात ते सांग. ती बोलायला लागली आणि बॉक्समधून जो आवाज आला, तो पौराणिक नाटकात राक्षस प्रवेश करताना येतो तसा. मला हसू आलं. पडदा हलला, सेल्वी बाहेर आली. तिच्या चेहऱ्याकडे बघून माझं हसू गेलं.

तिने मला तमिळमध्ये विचारलं, “अक्का, हा कोणाचा आवाज?”

आम्हा मार्केटाजवळच्या माणसांना तमिळ येतंच. घरात मराठी, दुकानात कन्नड, मार्केटात तमिळ आणि उर्दू, असं आमचं चालतं. मी म्हटलं, तुझाच, फक्त झाकलेला.

ती खुर्चीवर बसली आणि तिने मला जे सांगितलं ते मॅडमना आधीच ठाऊक होतं, मला नव्हतं. सैनिक घरात शिरले तेव्हा ती ओरडली होती. गल्लीत दोन्ही बाजूंना घरं. तिने एकेका शेजाऱ्याचं नाव घेऊन हाक मारली. कोणी आलं नाही. पुढे ती तक्रार करायला गेली, तेव्हा चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने शेजाऱ्यांना विचारलं. ते घाबरलेले. म्हणाले, आम्हाला काही ऐकू आलं नाही. अधिकारी म्हणाला, कोणी ओरडणं ऐकलं नाही, म्हणजे ही ओरडलीच नाही, म्हणजे जबरदस्ती झालीच नाही. तक्रार तिथेच निकालात निघाली.

“शिक्षा होईल तेव्हा होईल,” सेल्वी म्हणाली. “मी ओरडले होते, एवढं तरी कोणीतरी ऐकलं पाहिजे. आणि तुम्ही मलाच दुसऱ्याचा आवाज देताय.”

मला इतकी लाज वाटली की मी इको मशीनची वायर तिथल्या तिथे उपटली. मीनाक्षी मॅडम मात्र हटेनात, आणि त्यांचंही चूक नव्हतं. आपल्या शहरात तेव्हा तमिळ निर्वासितांकडे लोक संशयाने बघत. घरमालकाला कळलं तर सेल्वीची खोली जाईल, कारखान्यात कळलं तर नोकरी. मॅडमनी हे सगळं शांतपणे समजावलं. सेल्वी ऐकून घेत होती आणि मान हलवत होती, ती पटलं म्हणून नव्हे. शेवटी तोडगा निघाला. आवाज तिचाच राहील, पण पडदा राहील आणि खिडक्या बंद राहतील. सेल्वी “सरी” म्हणाली. आमच्याकडे सरी म्हणजे बरं, ठीक आहे. पण ते किती तऱ्हांनी म्हणता येतं हे इथे राहिल्याशिवाय कळत नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर मी जेवले नाही. आमचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर दक्षिणेत उतरले आणि इथलेच झाले, हे आमच्या घरात लग्नामुंजीत छाती फुगवून सांगतात. मीही सांगत असे. त्या फौजेने वाटेतल्या गावांत काय केलं असेल, हे मात्र कोणी कधी बोललं नव्हतं आणि मलाही कधी सुचलं नव्हतं. अण्णाला मी ते विचारलं. तो म्हणाला, तुला माइक लावायला बोलावलंय, उगाच डोक्याला ताप कशाला करून घेतेस? त्यानंतर फौजेची गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही.

पुढचं सांगण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते, कारण ही हकिकत ऐकणारा प्रत्येकजण तो विचारतोच. त्या सैनिकांना शिक्षा झाली का? नाही. सुनावणीचा अहवाल सरकारांना गेला, परदेशातल्या मोठमोठ्या कचेऱ्यांना गेला, सगळ्यांनी पोच दिली आणि कोणीही एका माणसाला साधं बोलावून विचारलं नाही. त्याचा संताप मला अजून येतो, वयाने तो कमी झालेला नाही. सेल्वीची खोली वाचली, नोकरी पुढे तिनेच सोडली. पुढे जिथे जिथे अशी सुनावणी झाली तिथे तिथे ती गेली आणि पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिली. आणि त्या हॉलची सगळी लग्नं माझ्या हातून गेली. मी फुशारकीने म्हणते की त्याचं मला काही वाटलं नाही, पण खोटं कशाला बोलू, लग्नसराईत त्या रस्त्याने जाताना दुसऱ्याचे भोंगे दिसले की पोटात दुखायचं.

तर सुनावणीचा दिवस. हॉल भरलेला, खिडक्या लावून घेतलेल्या, डोक्यावर पंखे गरगरत होते. पडद्यामागे माइक लावून मी माझ्या टेबलाशी बसले. टेबल दाराजवळ, मागे भिंतीवर हॉलचा फ्यूज बोर्ड. सकाळी दोन बायकांच्या साक्षी झाल्या. मी शब्द न ऐकायचा प्रयत्न केला आणि मला तो जमला नाही. दुपारी सेल्वी बसली.

तिने गावापासून सुरुवात केली. विहीर, शेवग्याचं झाड, गल्ली. गल्लीतली घरं एकेक करून सांगितली, कोणाचं कुठलं. आवाज अगदी सपाट होता. दुभाषीबाई न्यायाधीशांना वाक्यामागून वाक्य इंग्रजीत सांगत होत्या. मी आवाज जरा वाढवला, कारण मागच्या रांगेतल्या बायका पुढे झुकून ऐकत होत्या.

तेवढ्यात दार किलकिलं करून हॉलचे सेक्रेटरी रंगण्णा आत आले. ते शेजारच्याच घरात राहायचे. तसे सज्जन, पूजेचं कुंकू कपाळावर, मला त्यांनी अप्पांच्या माघारी सांभाळून घेतलेलं. त्यांना वाटलं होतं की बायकांची काहीतरी सभा आहे, हळदीकुंकवासारखी. आता त्यांना थोडंफार कळलं होतं.

ते माझ्या कानाशी कुजबुजले, “विमलम्मा, स्वल्प कमी करा. आजूबाजूला कुटुंबं राहतात.”

मी म्हटलं, बॉक्स हॉलमधलेच आहेत, बाहेर काही जात नाही.

“भिंतीतून जातं. माझी आई वर बाल्कनीत बसते. या वयात तिच्या कानावर असलं पडायला नको.”

मी म्हटलं, नाही. इतकी वर्षं त्यांनी सांगितलं ते मी केलं होतं, भोंगा वळव म्हटलं की वळवला होता. पण या वेळी माझ्या तोंडून नाही आलं आणि मलाच ते ऐकून बरं वाटलं. त्यांनी बटणाकडे हात नेला. मी तो हात धरला. लग्नाकार्यात मान घेणारा तो माणूस, त्याचा हात एका माइकवालीने धरला. ते लालबुंद झाले. वळले आणि त्यांनी बोर्डावरचा फ्यूज ओढून काढला.

सेल्वी तेव्हा म्हणत होती, “मी ओरडले. मी किती मोठ्याने ओरडले ते”. इथे माइक गेला.

पंखे थांबले. आमच्या धंद्यात वीज जाणं नवीन नाही, मोटारीची बॅटरी कायम टेबलाखाली असते. मी खाली वाकून तिच्या वायरी लावायला घेतल्या, पण रागाच्या भरात त्या उलट्या लागत होत्या. बंद हॉलमध्ये बायकांचा जीव गुदमरायला लागला होता. कोणीतरी एक खिडकी उघडली, मग दुसरी, मग रस्त्याच्या बाजूच्या सगळ्या. मीनाक्षी मॅडम घाईने त्या लावायला धावल्या.

“उघड्या राहू द्या,” पडद्यामागून सेल्वी म्हणाली.

मी टेबलाखालून डोकं काढलं तेव्हा ती पडदा बाजूला सारून पुढे आली होती. कारखान्यात जायची तीच साडी, केसांत अबोलीचा गजरा. मॅडम खिडकीवरचा हात काढून तिथेच उभ्या राहिल्या.

सेल्वी न्यायाधीशांना म्हणाली, “मी किती मोठ्याने ओरडले ते सांगते.”

आणि तिने हाका मारल्या. “सरस्वती अक्का. पोन्नय्या अण्णा. मास्तर. मास्तर, दार उघडा.” नावं इथे मी बदलली आहेत. ते शेजारी होते, त्या गल्लीतले, दोन्ही बाजूंचे, आत्ताच तिने ज्यांची घरं सांगितली होती ते. दुभाषीबाईंनी भाषांतर सोडून दिलं. आयुष्यभर मी आवाज मोठे करत आले, पण इतका मोठा आवाज माणसाच्या गळ्यातून येतो हे मला माहीत नव्हतं. तिने कोणालाही वगळलं नाही. रस्त्यावर एक ऑटो थांबली. समोरच्या फुलवाल्या बायका टोपल्या सोडून खिडकीशी आल्या. माझी बॅटरी जोडून झाली होती आणि माझा हात अ‍ॅम्प्लिफायरच्या बटणावर होता, पण मी ते दाबलं नाही.

हाका संपल्या. सेल्वी धापा टाकत होती. ती न्यायाधीशांकडे न बघता खिडकीकडे वळली आणि तिने रस्त्याला विचारलं, “केट्टुदा?”

ऐकू आलं का, एवढंच. आमच्या भागात याचा अर्थ कळायला तमिळ यावं लागत नाही. खिडकीतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. हॉलमधल्या आम्हीसुद्धा गप्प. विचारलं होतं बाहेरच्यांना, आणि बाहेर त्या गल्लीतल्यासारखीच शांतता होती. मला वाटलं, मीच ओरडून सांगावं.

मग वरून, शेजारच्या बाल्कनीतून, एक म्हातारा आवाज आला. कापरा, पण स्पष्ट, कन्नडमध्ये.

“केळिस्तु, मगळे. हेळु.”

ऐकू आलं, मुली. सांग पुढे.

खाली एक फुलवाली म्हणाली, “केळिस्तम्मा.” तिच्यामागून दुसरी. ऑटोवाला म्हणाला. मग हॉलमधून, रांगेरांगेतून, कन्नड, तमिळ, उर्दू, ज्याला जे येईल त्यात. मी माझ्या मराठीत म्हटलं. न्यायाधीश उभे राहिले आणि म्हणाले की साक्षीत एवढं नोंदवा, हाका ऐकू आल्या.

रंगण्णा हातात फ्यूज घेऊन दाराशी उभे होते. आईचा आवाज त्यांनी ओळखला होता. थोड्या वेळाने ते बोर्डाकडे गेले आणि त्यांनी फ्यूज परत बसवला. पंखे फिरायला लागले, माझ्या अ‍ॅम्प्लिफायरचा लाल दिवा लागला. सेल्वीने खुर्ची ओढून खिडकीजवळ घेतली आणि पुढचं सांगायला सुरुवात केली. वर बाल्कनीपर्यंत तिचा आवाज तसाच पोचत होता. मी माइक बंद केला.